खालचा पट्टा

४ फेब्रुवारी

ताई,

पाया पडतो, लांबूनच. जवळ येऊन पडायची सोय मी ठेवलेली नाही, हे मला ठाऊक आहे.

तीन वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. तुझी भावजयही ठीक आहे. गुडघे दुखतात, जीभ शाबूत आहे. मी तुला लिहायला बसलोय हे पाहून म्हणाली, "उजाडलं म्हणायचं." मग मला टेबल रिकामं करून दिलं आणि स्वतः ओट्यावर भाजी चिरायला घेतली.

हे पत्र तुमच्या बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवतोय. त्यानेच परवा सांगितलं की सूनबाईंना पाचवा महिना लागला. ऐकून बरं वाटलं. भाचा जहाजावर, म्हणजे घरात तुम्ही दोघीच. तो असंही म्हणाला की सूनबाईंच्या पोटात काही टिकत नाही, शिंपल्यांचं पाणी तेवढं टिकतं, आणि तू रोज ओहोटीला खाडीतल्या खालच्या पट्ट्यात उतरून तिच्यासाठी ताजे शिंपले काढून आणतेस.

ताई, एक विनंती आहे. थोडे दिवस तिला शिंपले देऊ नकोस. तूही खाऊ नकोस. डाळीचं पाणी दे, भाताचं दे, काहीही दे. कारण मात्र आत्ता विचारू नकोस. हवा बदलतेय, पाणी बदलतंय, अशा दिवसांत गरोदर बाईला जपलेलं बरं, इतकंच समज.

आणि सहज विचारतो, तुझी मांजर कशी आहे? कंडक्टर सांगत होता की ती जागच्या जागी गोल फिरते आणि भिंतीला जाऊन धडकते. त्याला गोष्टी फुगवून सांगायची सवय आहे. मांजर बरी असेल तर तेवढा निरोप त्याच्याजवळ दे. बरी नसेल तरी दे.

माझं काम तेच. भरती पूर्ण चढली की होडीने जायचं, दोन्ही पट्ट्यांवरच्या खांबांपाशी पाण्याच्या बाटल्या भरायच्या, कारखान्याच्या प्रयोगशाळेत द्यायच्या, वहीत सही करायची. मी परत फिरतो तेव्हा तुम्ही बाया पाणी उतरायची वाट बघत बांधावर बसलेल्या असता. मला पाहिलं की तू मान वळवतेस. वळव. पण हे एवढं ऐक.

तुझा धाकटा

११ फेब्रुवारी

ताई,

निरोप मिळाला. कंडक्टरने तो तुझ्याच आवाजात, कमरेवर हात ठेवून, भर स्टँडवर सांगितला. "मांजर मेली. विचारलंस म्हणून सांगते. आणि शिंपले खाऊ नका म्हणतोस, तर तुझ्याच वहीत खालचा पट्टा काचेसारखा स्वच्छ लिहिलाय. आधी त्या वहीशी भांड, मग माझ्याशी."

लोक हसले. मीही हसलो, कारण हसलो नसतो तर कंडक्टरने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं असतं.

मांजर किती दिवस तशी होती? तिला शिंपले कोण घालत होतं? तोंडातून फेस येत होता का? हे प्रश्न वेड्यासारखे वाटतील, पण उत्तरं पाठव. आणि आणखी एक. परवा बसमध्ये तुझ्या हातून तिकीट दोनदा पडलं म्हणे. बोटांना मुंग्या येतात का? ओठांच्या कडेला बधिर वाटतं का? सूनबाईंना वाटतं का? तिला विचारताना घाबरवू नकोस, बोलता बोलता विचार.

तू वहीचं काढलंस म्हणून मलाही ती सभा आठवली. शिंपले मरायला लागले होते, उघडावेत तर आत वाळलेलं पान असावं तसं काहीतरी. बायका चिडून जमल्या होत्या. कारखान्याने मला वही देऊन पाठवलं आणि मी उभा राहून आकडे वाचायला लागलो. कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा तू उठलीस. म्हणालीस, "हा माझा भाऊ. लहानपणी साखर चोरून खायचा आणि मग स्वतःच येऊन सांगायचा, मी साखर खाल्ली म्हणून. याला खोटं बोलता येत नाही, याला ते जमतच नाही." सगळ्या हसल्या आणि खाली बसल्या.

त्यानंतर तुम्ही पट्ट्यांचा निर्णय केलात. पिढ्यान्‌पिढ्या तुमचा नियम एकच. एक पट्टा खणायचा, दुसऱ्याला वर्षभर विसावा, पुढच्या वर्षी उलट. पण माझ्या वहीत वरच्या पट्ट्याचं पाणी थोडं गढूळ होतं आणि खालच्याचं स्वच्छ. म्हणून तुम्ही ठरवलंत की वरचा पट्टा सुधारेपर्यंत त्याला विसावा द्यायचा आणि खालचाच खणायचा. त्याला आता तीन वर्षं झाली.

नंतर खालचे शिंपले पुन्हा मरायला लागले तेव्हा बायकांनी तुला टोमणे मारले, आणि तू माझ्या दारात आलीस. "खरं सांग" म्हणालीस. मी म्हणालो, "कागद खोटं बोलत नाही, ताई." तू उंबऱ्यावरूनच परत फिरलीस.

आजही तेच सांगतो. वहीतला एकही आकडा मी मनाने लिहिलेला नाही. पण सूनबाईंना शिंपले देऊ नकोस. या दोन वाक्यांचा मेळ बसत नाही, मला कळतंय. मेळ न बसताच ऐक.

धाकटा

१९ फेब्रुवारी

ताई,

तू म्हणतेस, "दुसरं काही तिच्या पोटात टिकत नाही. कारण सांग, नाहीतर गप्प बस." तुझं बरोबर आहे. जी बाई दोन महिने ओकतेय तिच्या तोंडातला एकुलता एक घास काढून घ्यायचा, तर कारण द्यायला हवं.

मी नमुने कसे घेतो ते तुला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

मी कामाला लागलो तेव्हा हे काम एक म्हातारे गृहस्थ करायचे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाळ, भरतीलाच जायचं. ओहोटीला गेलास तर होडी चिखलात बसते आणि बाटलीत गाळ येतो. गाळाची बाटली प्रयोगशाळा परत पाठवते, मग दोनदा हेलपाटा." शहाणपणाची गोष्ट होती. मी अकरा वर्षं पाळली. भरती आज सकाळी असली तर सकाळी, दुपारी असली तर दुपारी. पाणी पूर्ण चढलं की बाहेरचा समुद्र दोन्ही पट्ट्यांवर पुरुषभर उभा असतो. तेव्हा बाटली भरायची. भरण्याआधी मी पाण्याला हात लावून डोळ्यांना लावतो, ती सवय माझी स्वतःची.

आणि कारखान्याचा व्हॉल्व्ह उघडतो ओहोटीला. उतरत्या पाण्याबरोबर घाण बाहेर निघून जावी म्हणून. त्यांचीही गोष्ट शहाणपणाची. पाइपाचं तोंड दोन पट्ट्यांच्या मधे आहे. पाणी उतरताना कुठून जातं ते तुला सांगायला नको, तू त्यात रोज पोटरीभर उभी असतेस.

म्हणजे वही खोटी नाही. वही अपुरी आहे. आपल्या शाळेतले गुरुजी सांगायचे ते आठवतं? रकान्यात शून्य दिसलं की आधी विचारा, तिथे काही नव्हतं की कुणी मोजलंच नाही. मला त्या गणिताला पूर्ण मार्क मिळाले होते.

खाडीतले शिंपले मोजायला संशोधन केंद्रातून त्या बाई येतात ना, चष्मेवाल्या, तुम्ही ज्यांना "मोजणीबाई" म्हणता, त्यांना मी मंगळवारी गाठलं. लागोपाठ चार दिवस ओहोटीला गेलो होतो, कारखान्याची होडी न घेता, चालत. दोन्ही पट्ट्यांवरचे शिंपले आणि गाळ घेतला. ओल्या फडक्यात बांधून त्यांच्या हाती दिलं. त्यांनी विचारलं, "कशासाठी तपासू?" मी म्हणालो, "पाऱ्यासाठी." त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुम्हाला पाराच का सुचला?"

मी म्हणालो, सहज.

ऑफिसात साहेबांनी आज बोलावलं होतं. माझ्या बुटांकडे पाहत म्हणाले, "हल्ली चिखलात फार हिंडतोस." मी म्हणालो, गुडघ्यांसाठी चालतो. दुखतात तुझ्या भावजयीचे, पण तेवढं सुचलं. बाहेर आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

अहवाल येईपर्यंत तरी थांबव. हात जोडतो.

धाकटा

२२ फेब्रुवारी

ताई,

"अपुरं म्हणजे काय? खरं की खोटं, एवढं सांग. मी वकील नाही." कंडक्टरने या वेळी नक्कल केली नाही. खाली मान घालून सांगितलं. आणि सूनबाई काल रात्री जेवली, शिंपलेच जेवली, हेही सांगितलं.

तर ऐक. मला पाराच का सुचला, असं मोजणीबाईंनी विचारलं, त्याचं उत्तर आधी तुला देतो.

ती सभा झाली त्याच्या आठ महिने आधीची गोष्ट. मी नेहमीसारखा भरतीला गेलो होतो. परतताना फाटक्या जाळ्याचा तुकडा पंख्यात गुंतला आणि मोटर बंद पडली. मी सोडवत बसलो तोवर पाणी उतरलं आणि होडी खालच्या पट्ट्यावर चिखलात बसली. हाक मारून ऐकू जाईल असं कोणी नव्हतं. पुढच्या भरतीपर्यंत बसून राहण्याशिवाय इलाज नव्हता. तोवरच्या सात वर्षांच्या नोकरीत ओहोटीचा खालचा पट्टा मी कामाच्या जागेवरून पहिल्यांदाच पाहत होतो.

व्हॉल्व्ह उघडल्याचं पाण्यावरूनच कळलं. मी होडीतून उतरून चिखलात उभा होतो. आधी घोट्यापर्यंत एक ओघळ आला, मग पायाला कोमट लागायला लागलं. वास म्हणशील तर फार नव्हता, नाणं तोंडात धरल्यावर येते तशी चव हवेत. मग खेकडे वर चढायला लागले. माझ्या होडीच्या कडेवर, दोरीवर, खांबावर, जिथे जागा मिळेल तिथे. एकमेकांवर चढत होते आणि आवाज अजिबात नव्हता. शिंपले सगळे उघडे पडले होते. मी वाकून एकात बोट घातलं. तो मिटला नाही. दुसऱ्यात घातलं. तोही नाही. ताई, तुला माहीत आहे, जिवंत शिंपला माणसाच्या सावलीनेसुद्धा मिटतो. मी वीस-पंचवीस शिंपल्यांत बोट घालून पाहिलं.

बाटल्या होत्याच. मी एक भरली. वेळ लिहिली, ओहोटी लिहिलं, सही केली.

चार दिवसांनी साहेबांनी बोलावलं. प्रयोगशाळेचा कागद समोर होता. पाऱ्याच्या रकान्यात इतर वेळी शून्य असतं तिथे मोठा आकडा होता. साहेब शांतपणे म्हणाले, "गाळ गेलाय बाटलीत. हा नमुना बाद. उद्या पुन्हा घे. नेहमीच्या वेळेला." मी म्हणालो, "साहेब, गाळ नव्हता." ते म्हणाले, "होता."

मी स्वतःच्या पेनाने ती ओळ खोडली आणि "नमुना बाद" लिहिलं. दुसऱ्या दिवशी भरतीला गेलो. शून्य आलं.

आठ महिन्यांनी त्याच वहीतून मी तुमच्यापुढे आकडे वाचले. खोडलेली ओळ आली तेव्हा मी पान उलटलं. तू तेव्हा माझ्या साखरेची गोष्ट सांगून नुकतीच खाली बसली होतीस.

का, असं विचारशील. मी भ्यालो. नोकरीला भ्यालो, साहेबांना भ्यालो, आणि नंतर उशीर झाला या गोष्टीलाच भ्यालो. तुझ्यासमोर खोटं बोलायचं नव्हतं म्हणून "कागद खोटं बोलत नाही" असं म्हणालो, म्हणजे कागदावर ढकललं. पूजा एक दिवस चुकवली नाही. पण देवापुढे बसून फक्त म्हणून टाकायचो, पाठ केलेलं. स्वतःचं असं काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर पहिलं वाक्य हेच आलं असतं.

आता सांगतो ते आकड्यांशिवाय ऐक. खालच्या पट्ट्यात विष आहे. ते शिंपल्यात साठतं, उकळून जात नाही, धुऊन जात नाही. खाणाऱ्याच्या अंगात साठतं. हात थरथरतात, ओठ बधिर होतात, मांजर गोल फिरते. आणि आईच्या अंगातून ते पोटातल्या बाळाकडे जातं. मोजणीबाई म्हणाल्या, आईला काही जाणवलं नाही तरी बाळाकडे जातं.

खरं की खोटं, विचारलंस. खोटं. मी खोटं बोललो. आजचा घास थांबव.

धाकटा

३ मार्च

ताई,

कंडक्टरने सांगितलं. तू पत्र थांब्यावर उभ्याने वाचलंस. त्याने बस थांबवून ठेवली, कुणी तक्रार केली नाही. मग तू खाली मातीत बसलीस. मग घरी जाऊन टोपली उचललीस आणि शिंपले परसात खड्डा करून पुरलेस, पाण्यात टाकले नाहीस, कोंबड्यांना घातले नाहीस, वरून दगड ठेवलास. आणि मग दारोदार गेलीस. प्रत्येक घरी.

माझ्यासाठी निरोप नव्हता. मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, "मामा, तुमचं नाव कुणी घेतलं नाही. ते वाईट असतं."

अहवाल आलाय. कागद मोजणीबाईंकडे आहे, मी उतरवून घेतलं. खालच्या पट्ट्यातल्या शिंपल्यांत माणसाला चालेल त्याच्या नऊपट पारा. वरच्या पट्ट्यात मर्यादेच्या आत, बराच आत. वरचं पाणी गढूळ दिसायचं ते नुसत्या मातीने. म्हणजे तीन वर्षं तुम्ही जो जपलात तो चांगला, आणि माझ्या शब्दावर जो खाल्लात तो हा. हे वाक्य मी चार वेळा लिहिलं आणि खोडलं. मग ठेवलं.

गुरुवारी पहिल्या बसने दोघी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जा. मोजणीबाई दारात भेटतील. दोघींचं रक्त घेतील. मी येत नाही, तुला माझं तोंड नको असेल. डॉक्टर काय सांगतील ते बाईंनी मला आधीच थोडं सांगितलंय. खाणं बंद केलं की पारा हळूहळू अंगातून जातो, काही महिने लागतात. पण बाळाचा मेंदू याच महिन्यांत घडतो, ते महिने काही थांबत नाहीत. मी विचारलं, "म्हणजे बाळ बरं असेल ना?" त्या म्हणाल्या, "मी शिंपले मोजते हो." आणि दुसरीकडे पाहायला लागल्या.

अठरा तारखेला सुनावणी आहे. कारखान्याला दुसरा पाइप टाकायचा आहे, पहिल्याच्या शेजारी. साहेब म्हणाले, "या वेळीही तूच वाच. तुझा आवाज चांगला आहे, भजनातला." मग म्हणाले, "आणि लक्षात ठेव, प्रत्येक पानावर सही तुझी आहे. होडी बुडाली तर बुडणार तूच, कारखान्याला पोहता येतं." जुनी वही त्यांनी कपाटात घातली आणि किल्ली खिशात.

दुपारी जेवताना तुझ्या भावजयीला सगळं सांगितलं. तिने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मग भांडी घासताना बोलली, पाठमोरी. "अठराला मीही येते. तू पान उलटतोस की नाही ते बघायला."

मला भीती वाटते, ताई. साहेबांची आता वाटत नाही, ती कुठे गेली कळलंच नाही. गुरुवारची वाटते.

धाकटा

२० मार्च

बाळा,

मी तुझ्या आजीचा धाकटा भाऊ. तुझ्या बाबांचा मामा, म्हणजे तुझा आजोबाच, तुला म्हणावंसं वाटलं तर. तू अजून जन्मलेला किंवा जन्मलेली नाहीस. हे पत्र तुझ्या आजीने लिहायला सांगितलंय.

परवा सुनावणी झाली. मोठा हॉल, पंखे, समोर टेबलामागे तीन अधिकारी. साहेबांनी माझ्या हाती नवीकोरी वही दिली, जुनीची नक्कल, सुंदर अक्षरात. मी चाळून पाहिली. खोडलेली ओळ तिच्यात नव्हतीच. मी उभा राहिलो, वही मिटली आणि टेबलावर ठेवली. मग होडी अडकली त्या दिवसापासून सगळं सांगितलं. आवाज भजनातला नव्हता, चिरका येत होता. साहेब मधेच म्हणाले, "याची प्रकृती बरी नाही." मागून एक बाई ओरडली, "आमचीही नाही!"

मग गोंधळ झाला. एक चप्पल आली ती माझ्या खांद्याला लागली. दुसरी अधिकाऱ्यांच्या टेबलावर पडली. एक बाई रडत विचारत होती, "मग आम्ही तीन वर्षं पोरांना घातलं काय?" उत्तर मला ठाऊक होतं. तिलाही ते ठाऊक होतं.

मोजणीबाईंनी अहवाल वाचला. मग मधल्या अधिकाऱ्याने मला विचारलं, "तुम्हाला हे चार वर्षं माहीत होतं?"

"हो."

"मग आजच का बोलताय?"

मी उत्तर जुळवत होतो. देव, सद्सद्विवेक, असं काहीतरी डोक्यात येत होतं. तेवढ्यात मागून तुझी आजी बोलली. ओरडली नाही. "कारण आज ताट त्याच्या घरचं आहे साहेब. इतरांची पोरं त्याला चार वर्षं दिसली नाहीत." अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बरोबर आहे. तसंच लिहून घ्या." त्यांनी लिहून घेतलं.

दुसरा पाइप थांबलाय. पहिल्याचा व्हॉल्व्ह चौकशी होईपर्यंत सील केलाय. मला कामावरून काढलं, आणि माझीही चौकशी होईल, व्हायला हवी. बायकांनी वरचा पट्टा मधोमध वाटला आहे, अर्धा खणायचा, अर्धा विसाव्याला. खालच्या पट्ट्यात आता कुणी उतरायचं नाही. मोजणीबाई म्हणाल्या, गाळातला पारा कुठे जात नाही, तो चिखलाखाली दबायला तू मोठा होऊन कामाला लागशील एवढा काळ जाईल. पण वरच्या पट्ट्याला तीन वर्षांत कुणी हात लावलेला नाही, तिथे पिल्लं इतकी दाट आहेत की पाय ठेवायला जागा नाही. त्यांच्या वहीत त्यांनी "भरपूर" असं लिहिलं, आकडा नंतर घालतो म्हणाल्या. हे सांगताना त्या पहिल्यांदा हसल्या.

सुनावणीनंतर तुझी आजी बाहेर माझ्याजवळ आली. तिचे हात थरथरत होते, तिने खांबाला धरलं होतं. तुझी आई मागे उभी होती. मी पाया पडायला वाकलो तर ती म्हणाली, "ते राहू दे. मला आता पत्रं पाठवू नकोस. माझं सगळं वाचून झालं." मग तुझ्या आईच्या पोटाकडे बोट केलं. "याला लिही. सगळं लिही, काही गाळू नकोस. मोठं झालं की मी वाचायला देईन. मी नसले तर हिच्याकडे ठेवून जाईन." तुझी आई म्हणाली, "मामा, अक्षर मोठं काढा." एवढंच.

म्हणून लिहिलं. गाळलं काही नाही.

तुझ्या आईच्या रक्तात पारा जास्त निघाला, आजीच्या आणखी जास्त. डॉक्टर म्हणाले, बाळ हलतंय, ठोके चांगले आहेत, वाढ ठीक आहे. तुझ्या आईने विचारलं, "म्हणजे सगळं ठीक?" ते म्हणाले, काही गोष्टी जन्मल्यावर कळतील. काही चालायला लागल्यावर. आणि काही शाळेत जायला लागल्यावर, अक्षरं ओळखता येतात का, शब्द जुळतात का, बोलताना जीभ अडते का, तेव्हाच.

म्हणजे सात-आठ वर्षं. तोवर मला काही कळणार नाही. तू रांगशील तेव्हा मी मोजेन, तू पहिला शब्द उशिरा बोललास तर मी मोजेन, चमचा हातातून पडला तर मोजेन. पोरांच्या हातून चमचे पडतातच, पण मला ते आता नुसते पडलेले दिसणार नाहीत.

देवापुढे बसतो तेव्हा आता बोलतो. क्षमा मागत नाही, ती त्याने देण्यासारखी नाही, आणि तुझ्याकडे मागायचा मला हक्क नाही. मागतो ते वेगळंच. तू हे पत्र हातात घ्यावंस, हात स्थिर असावा. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कुणाच्या मदतीशिवाय वाचावंस, अवघड शब्दांवर न थांबता. आणि वाचून झाल्यावर मला शिवी द्यावीस. तुला सुचेल ती, चांगली खणखणीत, एकही अक्षर न अडखळता.